‘झिंगालाला’ नव्हे, जेंबे! वर्ध्यात राहून आफ्रिकन ढोल आणि नृत्यात करिअर होऊ शकतं का?

डिसेंबर-जानेवारी आला की शाळाशाळांमध्ये स्नेहसंमेलनाची धामधूम सुरू होते. वर्धा असो, हिंगणघाट असो की आर्वी, कार्यक्रमपत्रिका साधारण सारखीच. एक कोळीगीत, एक लावणी, एक देशभक्तीपर गाणं आणि मध्येच कुठेतरी एक ‘आफ्रिकन डान्स’. पोरांच्या तोंडाला काळा रंग, कमरेला पानांचा घागरा, हातात पुठ्ठ्याचा भाला आणि स्पीकरवर ‘झिंगालाला’ छाप गाणं. टाळ्या पडतात, कधी पहिलं बक्षीसही मिळतं.

फक्त या नाचात आफ्रिका कुठेच नसते.

५४ देशांच्या खंडाचा एकच एक ‘आफ्रिकन डान्स’ असूच शकत नाही. वर्ध्याचा भजनी ठेका, कोकणातला नमन-खेळे आणि पंजाबचा भांगडा यांना मिळून ‘एशियन डान्स’ म्हटलं तर कसं वाटेल, तसंच हे. खरी गोष्ट अशी की पश्चिम आफ्रिकेतलं ढोलवादन आणि नृत्य ही वर्षानुवर्षं शिकण्याची विद्या आहे. तिचे उस्ताद आहेत, घराण्यांसारख्या परंपरा आहेत आणि ती शिकवून जगभरात लोक पोट भरतात.

मग वर्ध्यासारख्या जिल्ह्यातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला हे करता येईल का? शिकायचं काय, कुणाकडून, आणि पैसे कुठून येणार? एकेक करून पाहू.

जेंबे म्हणजे नक्की काय?

रील्समध्ये, कॅफेत किंवा कॉलेजच्या बँडमध्ये दिसणारा, वर रुंद, मध्ये निमुळता आणि खाली पुन्हा पसरणारा पेल्यासारखा ढोल म्हणजे जेंबे. पारंपरिक जेंबे लाकडाच्या एका अखंड ओंडक्यातून कोरतात. वर बकरीचं कातडं, ते ताणायला दोरी आणि लोखंडी कड्या. वाजवायचा फक्त हातांनी, काठीने नाही.

याचं माहेर पश्चिम आफ्रिकेत, आजच्या गिनी आणि माली या देशांच्या परिसरात आहे. तिथल्या मांडिंका (मालिंके) लोकांशी हे वाद्य जोडलेलं आहे आणि ते कोरण्याचं काम परंपरेने लोहार समाजाकडे होतं.

जेंबेचे मूळ आवाज तीन. मधोमध पूर्ण तळवा मारला की खोल घुमणारा ‘बास’. काठावर बोटं जुळवून मारली की गोल, स्वच्छ ‘टोन’. बोटं सैल सोडून काठावर फटका मारला की कडक ‘स्लॅप’. ऐकायला सोपं वाटतं, पण टोन आणि स्लॅप एकमेकांपासून वेगळे ऐकू यायला अनेकांना कित्येक महिने लागतात. तबल्याचा ‘ना’ आणि ‘ता’ बसायला वेळ लागतो, तसंच हे.

दुसरी गोष्ट म्हणजे जेंबे एकटा नसतो. त्याच्यासोबत ‘दुनुन’ नावाचे काठीने वाजवायचे तीन ढोल असतात: लहान केनकेनी, मधला सांगबान आणि मोठा दुनुनबा. तालाची खरी चाल या तिघांत असते. जेंबेवाला त्यावर बोलतो. त्यामुळे फक्त जेंबे शिकून ‘आफ्रिकन ड्रमिंग येतं’ म्हणणं म्हणजे नुसता ताशा शिकून अख्खं पथक येतं म्हणण्यासारखं आहे.

नाच आणि ढोल वेगळे का करता येत नाहीत?

पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत ‘न्गोमा’ असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ ढोल. त्याचाच अर्थ नाच. आणि ढोल-नाच-गाणं मिळून होणारा कार्यक्रम, त्यालाही न्गोमाच म्हणतात. एका शब्दात तिन्ही गोष्टी बसतात, कारण त्या तिथे वेगळ्या मानलेल्याच नाहीत.

पश्चिम आफ्रिकेतही तेच दिसतं. मुख्य जेंबेवादक नाचणाऱ्याच्या पायांकडे बघून वाजवतो. नाचणाऱ्याने उडी घेतली तर ढोल ती उचलतो. चाल बदलायची असेल तर वादक एक ठरलेला तुकडा वाजवतो. तो कानावर पडला की सगळे एकदम पुढच्या चालीवर जातात. आपल्याकडे तमाशात ढोलकीवाला आणि नाचणारी यांच्यात जी सवाल-जवाबाची नजर असते, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल.

प्रत्येक तालाला प्रसंगही असतो. ‘कासा’ हा ताल शेतात काम करणाऱ्या लोकांसाठी वाजवतात. वादक शेतापर्यंत जातात आणि काम करणाऱ्यांचे हात तालावर चालतात. काही ताल लग्नाचे, काही मुलं मोठी झाल्याच्या संस्काराचे, काही चांदण्या रात्री तरुणांनी नाचायचे.

म्हणून करिअरचा पहिला नियम हा: ढोल वाजवणाऱ्याला थोडं नाचता आलं पाहिजे, नाचणाऱ्याला ताल वाजवता आला पाहिजे आणि दोघांनाही तो ताल कुठला, कशासाठी, हे सांगता आलं पाहिजे.

गावचा ढोल पेशा कसा झाला?

ही गोष्ट समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यातच कमाईचं उत्तर आहे.

गिनीचे फोदेबा केइता यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये ‘ले बॅले आफ्रिकेन’ ही नृत्यमंडळी उभी केली. १९५८ मध्ये गिनी फ्रान्सपासून स्वतंत्र झाला आणि ही मंडळी देशाची राष्ट्रीय मंडळी बनली. गावागावांतून वादक आणि नर्तक निवडले गेले. गावच्या चौकात रात्रभर चालणारे ताल रंगमंचासाठी छोटे, बांधीव केले गेले आणि मंडळी जगभर फिरली. जगाला जेंबे माहीत झाला तो मुख्यतः इथून.

या गोष्टीला काळी बाजूही आहे. फोदेबा केइता पुढे मंत्री झाले, पण राजवटीच्या रोषाला बळी पडले आणि १९६९ मध्ये त्यांना ठार मारण्यात आलं.

दुसरं नाव मामादी केइता. जन्म १९५०, गिनीतल्या बालांदुगू गावात. पोरवयातच ‘बॅले जोलिबा’ या राष्ट्रीय मंडळीत निवड झाली आणि पुढे ते तिचे कलादिग्दर्शक झाले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ते बेल्जियमला गेले आणि १९९१ मध्ये ब्रुसेल्सला ‘ताम ताम मांडिंग’ ही शाळा काढली. नुसती शिकवणी नाही, तर टप्पे, परीक्षा आणि शिक्षकांना प्रमाणपत्र अशी पद्धत बसवली. अमेरिका, जपान, सिंगापूरसह अनेक देशांत या शाळेच्या शाखा झाल्या. २०२१ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांनी तयार केलेले शिक्षक अनेक खंडांत शिकवत होते.

तिसरं नाव बाबातुंदे ओलातुंजी. नायजेरियाचे. १९५० मध्ये शिष्यवृत्तीवर अमेरिकेला शिकायला गेले. १९६० मध्ये त्यांचा ‘ड्रम्स ऑफ पॅशन’ हा अल्बम आला आणि प्रचंड गाजला. पुढे त्यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात आफ्रिकन संस्कृतीचं केंद्र काढून वस्तीतल्या मुलांना ढोल, नाच आणि भाषा शिकवल्या. प्रसिद्ध सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांनी या केंद्राला मदत केली होती.

तिघांत समान काय आहे? रंगमंचाने नाव दिलं, पण कामाला शाळांनी टिकवलं. आजही जगभरातले बहुतेक आफ्रिकन ढोलवादक कार्यक्रमापेक्षा शिकवण्यावर जगतात.

आणि हे फक्त पुरुषांचं काम आहे का? परंपरेने जेंबे पुरुषच वाजवत. पण १९९० च्या दशकाच्या अखेरीस गिनीमध्येच स्त्रियांचं जेंबे पथक उभं राहिलं, जे पुढे ‘निंबाया’ या नावाने परदेशांत कार्यक्रम करू लागलं. तेव्हा मुलींनी हा प्रश्न मनातून काढून टाकायला हरकत नाही.

महाराष्ट्राशी याचा काय संबंध?

संबंध दोन बाजूंनी आहे.

पहिली बाजू मुंबईची. उस्ताद अल्लारखा यांच्या घरात तबल्याशिवाय दुसरं काही वाजणं अवघड. पण त्यांचे थोरले चिरंजीव उस्ताद झाकीर हुसेन हे बाबातुंदे ओलातुंजी यांच्यासोबत ‘प्लॅनेट ड्रम’ या १९९१ च्या अल्बममध्ये वाजवत होते. या अल्बमला ग्रॅमी मिळालं. धाकटे चिरंजीव तौफिक कुरेशी यांनी तर जेंबेलाच आपलं मुख्य वाद्य केलं. तबल्याचे बोल, कायदे, तिहाया जेंबेवर कशा वाजवायच्या याची स्वतःची पद्धत त्यांनी बसवली आणि ती शिष्यांना शिकवली. मैफलीत जेंबे बसवणं आणि शिकवणं, दोन्ही त्यांनी केलं.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. तौफिक कुरेशी जे वाजवतात ते जेंबेवरचं भारतीय संगीत आहे. मामादी केइता जे शिकवत ते मांडिंका संगीत. दोन्ही उत्तम, पण दोन्ही वेगळे. शिकवताना आपण कुठलं शिकवतो आहोत हे विद्यार्थ्याला स्पष्ट सांगणं हा प्रामाणिकपणा आहे.

दुसरी बाजू जास्त जुनी आणि जास्त जवळची आहे: सिद्दी समाज. शतकानुशतकं गुलाम, सैनिक, खलाशी म्हणून आफ्रिकेतून भारतात आलेल्या लोकांचे हे वंशज. औरंगाबादचं मूळ असलेलं खडकी वसवणारा मलिक अंबर आफ्रिकेतूनच आलेला, आणि मुरुडचा जंजिरा तर सिद्द्यांच्या नावानेच ओळखला जातो.

गुजरातमधले सिद्दी आजही ‘धमाल’ किंवा ‘गोमा’ करतात. हा ‘गोमा’ म्हणजे वर सांगितलेला ‘न्गोमा’च, समुद्र ओलांडून आलेला. भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरला त्यांच्या बावा गोर या संताचा दर्गा आहे. त्यांची वाद्यं म्हणजे मुगरमान आणि मुसिंडो हे ढोल, माई मिसरा हा खुळखुळा आणि मलुंगा हे धनुष्यासारखं एकतारी वाद्य. मलुंगासारखंच वाद्य ब्राझीलमध्ये आफ्रिकन वंशाच्या लोकांत वाजतं, तिथे त्याला बेरिंबाऊ म्हणतात. ‘सिदी गोमा’ या नावाने या कलावंतांनी परदेशांतही कार्यक्रम केले आहेत.

कर्नाटकातल्या हल्याळ, यल्लापूर आणि बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागातही सिद्दी राहतात. तिथले बरेच सिद्दी कोकणी बोलतात, मराठीही त्यांच्या कानावरची. त्यांच्याकडे ‘दमाम’ हा ढोल आणि त्यावरचं नृत्य आहे.

म्हणजे आफ्रिकेचा ढोल ऐकायला गिनीलाच जावं लागतं असं नाही. वर्ध्याहून रेल्वेने गाठता येईल इतक्या अंतरावर तो शेकडो वर्षांपासून वाजतो आहे. तरीही स्नेहसंमेलनात ‘आफ्रिकन डान्स’ बसवताना सिद्दी कलावंताला बोलावण्याचं कुणाच्या डोक्यात येत नाही. काळा रंग मात्र आठवणीने आणला जातो.

पण वर्ध्यात हे कोण शिकेल?

वर्ध्याला हातात ढोल घेऊन शिकवणारे लोक नवीन नाहीत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव घेतलं की हातातली खंजिरी आधी डोळ्यांसमोर येते. १९३६ मध्ये ते सेवाग्रामला गांधीजींकडे राहून गेले. गावसफाईपासून व्यसनमुक्तीपर्यंतचं शिक्षण त्यांनी खंजिरीच्या ठेक्यावर गावोगाव नेलं. अकोला जिल्ह्यातले सत्यपाल महाराज एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजवत प्रबोधनाचं कीर्तन करतात, हेही विदर्भाने डोळे भरून पाहिलं आहे. एक हातढोल आणि सांगायला काहीतरी असलं की माणसं जमतात, हे इथे वेगळं शिकवावं लागत नाही.

दुसरं म्हणजे ‘नई तालीम’. हातांनी काम करत शिकायचं, ही कल्पना देशासमोर मांडणारी शिक्षण परिषद २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यातच झाली. तिच्यातून जी समिती नेमली गेली तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन. हे तबलावादक नव्हेत, पुढे राष्ट्रपती झालेले शिक्षणतज्ज्ञ. नाव सारखं असल्याने गोंधळ होतो, एवढंच!

आज राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी १० दिवस ‘दप्तराविना’ ठेवायची सूचना आहे. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक लोकांकडून शिकावं असं म्हटलं आहे. शाळेच्या दारात जाताना ढोल शिकवणाऱ्याच्या हातात ही एक चांगली ओळखपत्रिका आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे जिल्ह्यात दोन मोठी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे. म्हणजे हजारो तरुण, त्यांची संमेलनं, शिबिरं आणि स्पर्धा. शिवाय नागपूर साधारण ७५ किलोमीटरवर. सकाळी जाऊन रात्री परत येता येतं.

शिकायचं कुठून आणि किती?

यूट्यूबवरून सुरुवात करता येते, पण तिथेच थांबून चालत नाही. स्लॅप चुकीचा बसला तर ते हात धरून दाखवणारा माणूस लागतो. साधारण रस्ता असा असू शकतो:

१. आधी आपल्या मातीतलं एक तालवाद्य पक्कं करायचं. तबला, ढोलकी, पखवाज, खंजिरी यांपैकी कोणतंही. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या तबल्याच्या परीक्षा देता येतात. लय कानात बसते आणि हातात प्रमाणपत्रही येतं.

२. जेंबेचे तीन आवाज आणि दुनुनचे तिन्ही भाग, दोन्ही शिकायचे. पाच-सहा ताल पूर्ण यायला हवेत: सगळे भाग, गाणं आणि पायांच्या चाली यांसह. पन्नास तालांची सुरुवात तेवढी येणं उपयोगाचं नाही.

३. मुंबई-पुण्याच्या कार्यशाळा, सिद्दी कलावंतांकडे जाऊन राहणं आणि जमलं तर पश्चिम आफ्रिकन उस्तादांचं शिबिर. वर्षातून एकदा तरी आपल्यापेक्षा मोठ्या कुणासमोर बसायलाच हवं.

४. पदवी हवी असेल तर छत्तीसगडमधलं खैरागढचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय विदर्भातून जवळ आहे. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयातही प्रदर्शनकारी कला विभाग आहे. जेंबेची पदवी मिळणार नाही, पण शिकवण्याची शिस्त आणि ओळखी मिळतील.

किती वर्षं? रोज दोन तास मेहनत असेल तर लहान मुलांना शिकवण्याइतकी तयारी व्हायला दोन-तीन वर्षं धरून चालावं. सहा महिन्यांत ‘ट्रेनर’ होणारे पुष्कळ दिसतात. पण दुसऱ्या वर्षी त्यांच्याकडे शिकवायला नवीन काही उरत नाही, आणि मुलांना ते आधी कळतं.

पैशाचं गणित कसं जुळतं?

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, प्रत्येक गावचा दर वेगळा असेल.

समजा, आर्वीची एक मुलगी तीन शाळांत आठवड्याला दोन-दोन तासिका घेते आणि प्रत्येक शाळा महिन्याला ६,००० रुपये देते. महिन्याचे झाले १८,०००. पण परीक्षा आणि उन्हाळ्याची सुट्टी धरली तर शाळेचा पगार साधारण ९ महिनेच मिळतो. म्हणजे वर्षाचे १,६२,०००. घरी १५ मुलं, प्रत्येकी ५०० रुपये, असे १० महिने म्हणजे ७५,०००. वर्षभरात १० कार्यक्रम, प्रत्येकी तिच्या वाट्याला ५,००० म्हणजे ५०,०००. एकूण २,८७,०००.

यातून एसटीचं भाडं, पेट्रोल, कातडी-दोऱ्या, दुरुस्ती असे ४०,००० वजा केले तर २,४७,००० उरतात. महिन्याला सरासरी साडेवीस हजार.

आता पहिल्या वर्षाचं बघू. १५ मुलांना शिकवायचं तर १५ ढोल लागतात. एक ढोल ५,००० रुपयांना धरला तरी ७५,००० रुपये. पहिल्या वर्षी हातात उरतात १,७२,०००, म्हणजे महिन्याला चौदा हजारांच्या आसपास. तेसुद्धा तिन्ही शाळा पहिल्याच दिवशी मिळाल्या तर.

या हिशोबातून तीन गोष्टी दिसतात. एक, कार्यक्रमांची कमाई एकूण कमाईच्या पाचवा हिस्साही नाही. दोन, एप्रिल ते जून हे महिने कोरडे जातात, त्यामुळे उन्हाळी शिबिरं हा पर्याय नसून गरज आहे. तीन, पहिली दोन वर्षं घरचा किंवा दुसऱ्या कामाचा आधार लागतोच. लग्नसराईत संदलमध्ये किंवा ढोल-ताशा पथकात वाजवून हा काळ काढणारे कमी नाहीत, आणि त्यात कमीपणा काही नाही.

सरकारी मदत मिळते का?

मिळते, पण इथे एक मेख आहे. केंद्र सरकारच्या बहुतेक योजना भारतीय परंपरांतल्या कलांसाठी आहेत. नुसता जेंबे वाजवणारा त्यांत बसणं कठीण. ढोलकी, खंजिरी, तबला किंवा सिद्दी धमालसारखी भारतीय लोककला असेल तर दार उघडं आहे.

१८ ते २५ वयाच्या तरुण कलाकारांसाठी सांस्कृतिक मंत्रालयाची दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे, दरमहा ५,००० रुपये. नागपूरला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे. अशा केंद्रांच्या गुरू-शिष्य परंपरा योजनेत गुरूला दरमहा ७,५००, साथीदाराला ३,७५० आणि शिष्याला १,५०० रुपये मानधन ठरवलेलं आहे. लोककलेच्या मंडळींना महोत्सवात कार्यक्रमही याच केंद्रांमार्फत मिळतात. रक्कम आणि अटी बदलत असतात, त्यामुळे अर्जाआधी चालू वर्षाची जाहिरात वाचून घ्यावी.

म्हणजे आपलं तालवाद्य आधी पक्कं करायचा सल्ला नुसता भावनेचा नाही, हिशोबाचाही आहे.

वर्ध्याचं ऊन आणि बकरीचं कातडं

मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. कोरड्या उन्हात कातडं इतकं ताणलं जातं की आवाज चिरका होतो, आणि बंद गाडीत ढोल ठेवला तर कातडं फाटूही शकतं. पावसाळ्यात उलटं होतं. कातडं ओलं, सैल पडतं आणि ढोल भसाडा वाजतो. त्यामुळे उन्हाळ्यात दोरी थोडी सैल करणं, ढोल कापडी खोळीत आणि सावलीत ठेवणं, पावसाळ्यात पुन्हा ताणणं हे स्वतःला यायला हवं. दरवेळी नागपूरला धाडणं परवडणार नाही. शाळेच्या वर्गासाठी कृत्रिम पडद्याचे फायबरचे ढोल टिकाऊ ठरतात. त्यांचा आवाज थोडा कोरडा असतो, पण ते हवामानाची तक्रार करत नाहीत.

शरीराचंही तसंच. हाताने तासन्‌तास जोरात ढोल वाजवल्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून लघवी तपकिरी होण्याचे प्रकार वैद्यकीय नोंदींत आहेत. असं दिसलं तर वाजवणं थांबवून डॉक्टरकडे जायचं. जोर खांद्यातून नाही, मनगटाच्या सैलपणातून येतो, हे चांगला गुरू पहिल्याच महिन्यात सांगतो. बंद खोलीत १५ ढोल वाजत असतील तर कानात बोळे हवेतच.

आणि शेजारी? रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिप्रदूषणाचे नियम कडक आहेत. सरावाची जागा गावाबाहेर, किंवा वेळ दुपारची.

ढोल वाजवून ताण जातो, हे खरं का?

‘ड्रम सर्कल’ म्हणजे गोल बसून सगळ्यांनी मिळून ढोल वाजवणं. कंपन्या आणि महाविद्यालयं यासाठी पैसे देतात. २०१६ मध्ये ‘प्लॉस वन’ या संशोधन पत्रिकेत लंडनमधल्या १० आठवड्यांच्या प्रयोगाचा अहवाल आला होता. मानसिक आरोग्यसेवा घेणाऱ्या लोकांनी गटाने ढोल वाजवल्यावर त्यांची चिंता आणि नैराश्य कमी झाल्याचं त्यात दिसलं. पण तो छोटा गट होता. त्यामुळे ‘मजा येईल, मन हलकं होईल’ इतकं सांगणं ठीक. ‘डिप्रेशन बरं करतो’ अशी पाटी लावणं चूक, आणि धोक्याचंही.

हा ढोल आपण वाजवावा का?

हा प्रश्न जगभर विचारला जातो. दुसऱ्याची परंपरा शिकून त्यावर कमवायचं, तर त्यांना काय मिळतं?

मामादी केइतांनी जगभरच्या लोकांना शिकवलं, म्हणजे दार बंद नाही. पण दारातून जाण्याची रीत आहे. ताल कुठल्या लोकांचा ते प्रत्येक कार्यक्रमात सांगायचं. गुरूचं नाव घ्यायचं. तोंडाला काळा रंग लावायचा नाही, कारण कुणाच्या त्वचेचा रंग हा वेश नसतो. वर्षातून एखाद्या कार्यशाळेला सिद्दी कलावंताला बोलवायचं, त्याचं मानधन आधी ठरवायचं आणि मंचावर त्याला पुढे बसवायचं. शाळेकडून मिळणाऱ्या पैशांतून हे होऊ शकतं. शाळेला ते पटवून देणं हाही शिक्षकाच्या कामाचाच भाग आहे.

यात नुकसान कुणाचंच नाही. मुलांना खरा माणूस भेटतो, सिद्दी कलावंताला काम मिळतं आणि शिकवणाऱ्याची विश्वासार्हता वाढते. ‘तोच जुना झिंगालाला’ बसवून देणारे गावात चार जण असतील, हे करणारा एकच असेल. शाळा दुसऱ्या वर्षी कुणाला बोलावेल, हे सांगायला नको.

मग शेवटी उत्तर काय?

करिअर होऊ शकतं. पण ते रंगमंचावरच्या दिव्यांत नाही, मंगळवारच्या चौथ्या तासिकेत आहे. सातवीच्या ४० पोरांना एकाच ठेक्यावर आणणं, मागच्या बाकावरच्या लाजऱ्या मुलीकडून स्लॅप काढून घेणं, आणि ‘सर, हा ताल कुठला?’ या प्रश्नाला खरं उत्तर देणं, हेच ते काम. कमाई सुरुवातीला कमी आणि अनियमित असते. जोडीला आपलं एक वाद्य, थोडी बचत आणि उन्हाळ्याचं नियोजन लागतं.

सुरुवात करायला मुहूर्त लागत नाही. यंदा गावातल्या शाळेच्या पत्रिकेत ‘आफ्रिकन डान्स’ दिसला, तर बाईंना किंवा सरांना एवढंच विचारायचं: “आफ्रिकेतला कुठला?” उत्तर नसेल, तर पहिलं काम तिथेच मिळू शकतं.